मघाचा हात

आमच्या घरात त्या वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते दोन सेकंदांवरून. आईवरून नाही, माहेरावरून नाही, दोन सेकंदांवरून. त्या भांडणात मी बरोबर होतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात माझी बाजू घ्यावी असं फारसं काही उरत नाही.

मी गिरीश शिंत्रे. आजऱ्यात राहतो आणि गडहिंग्लजच्या एका आठ माणसांच्या कंपनीत काम करतो. ही कंपनी दूरहात बनवते. माझी बायको मृणाल जनावरांची डॉक्टर आहे. आजऱ्याच्या पशुकेंद्रातल्या एका खोलीत ती बसते, कोपरापर्यंत येणारे जाड मोजे घालते, आणि पंचवीस किलोमीटरवरच्या डोंगरात एखाद्या गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बसवलेला पोलादी हात तिच्या हातासारखा हलतो. उलट बाजूने, त्या पोलादी बोटांना जे लागतं ते मृणालला मोज्यात जाणवतं. पूर्वी म्हैस अडली की डॉक्टर पोचेपर्यंत चार तास जायचे आणि बरेचदा म्हैसही जायची. आता मृणाल डोळे मिटून सांगते, रेडकाची मान डावीकडे वळलीय, थांबा, सरळ करते.

डोंगरावर केबल नेता येत नाही, कारण मधलं रान राखीव आहे आणि तिथे कुदळ मारायची परवानगी नाही. मोबाइलचा मनोराही नाही. म्हणून आम्ही प्रकाशाचा झोत वापरतो. डोळ्यांना न दिसणारा तो बारीक झोत केंद्राच्या गच्चीवरून भैरीच्या डोंगरावरच्या पेटीत जातो, आणि त्या पेटीतून समोरच्या धनगरवाड्यावरच्या भिंगात. पावसाला तो फारसा जुमानत नाही. धुक्याला मात्र जुमानतो.

त्या डोंगरावरच्या पेटीत झोत सोडणारं यंत्र आहे आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. आमच्या धंद्यात त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो मी लिहितो. आमची आई अजून शेजारीपाजारी सांगते की गिरीश ड्रायव्हर आहे, आणि शेजारी मला अडीअडचणीला स्टँडपर्यंत सोडायला सांगतात.

मृणालचा हात सेकंदाला शंभर वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजमापाचं एक पॅकेट, म्हणजे एक पुडकं, तयार होतं: बोटं इथे, मनगट असं, जोर इतका. तिचं बोलणंही असंच पुडक्यापुडक्यांनी जातं. झोतावर चढण्याआधी ही पुडकी ड्रायव्हरपाशी रांग लावतात. एरवी रांगेत उभं राहायलाही त्यांना वेळ मिळत नाही, आली की गेली. प्रश्न येतो तो झोत तुटल्यावर. रांगेत जी पुडकी अडकली त्यांचं काय करायचं?

जुना नियम साधा होता. झोत तुटला हे सगळ्यात आधी ड्रायव्हरला कळतं. त्याने रांग मोडायची, असलेली पुडकी टाकून द्यायची, नवी घ्यायची नाहीत, आणि वाट बंद आहे असं वर, म्हणजे मृणालच्या बाजूला, कळवायचं. टाकून द्यायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं. पण ज्याला खरंच काही सांगायचं असेल तो वाट उघडल्यावर ताजं सांगतोच. साठवून ठेवलं तर वाट उघडल्यावर आधी शिळं पोचतं, आणि ज्याला पोचतं त्याला ते शिळं आहे हे कळत नाही. पोलादी हाताला तर बिलकूल कळत नाही. त्याला सांगितलं ओढ, की तो ओढतो.

श्रावणात एक रेडकू गेलं. त्या संध्याकाळी मृणाल स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभी होती आणि बराच वेळ नुसतेच हात धूत होती.

"दोन सेकंद," ती म्हणाली. "दोन सेकंद धुकं आलं आणि हात थांबला. मी ओढलं होतं, गिरीश. मला पक्कं माहितीये मी ओढलं होतं. ते गेलं कुठे?"

"टाकलं."

"कुणी?"

"ड्रायव्हरने. म्हणजे मीच."

मग मी तिला नियम समजावला. शिळं-ताजं समजावलं. समजावताना माझा आवाज चढला, तिचाही चढला, आई देवघरातून उठून तिच्या खोलीत गेली. शेवटी मृणाल ओल्या हातांनीच खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "माझे हात तू केरात टाकतोस."

बायकोने असं म्हटल्यावर नियमाला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरमध्ये रांग राखून ठेवायची सोय केली. आधी दोनच सेकंदांची. बारीकसारीक धुक्याला ती छान पुरली, तुटलेलं काम जिथल्या तिथे जुळायला लागलं. ते बघून आमचे साहेब म्हणाले, "मग दोनच का? डॉक्टरांचं काहीच हरवत नाही असं म्हणता आलं पाहिजे." मी दोन दिवस नाही म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणालो. रांग चार हजार पुडक्यांची केली, म्हणजे चाळीस सेकंदांची. ती भरेपर्यंत वाट बंद असल्याचं वर कळवायचं नाही, आणि भरली की नवी पुडकी घ्यायची नाहीत. पुडकं किती जुनं झालं की टाकायचं, ती ओळ उद्या लिहू म्हणून राहिली. नवा ड्रायव्हर डोंगरावरच्या पेटीत चढला. घरी तीन आठवडे दर रविवारी आंबोळ्या होत होत्या आणि मला उद्याची आठवण नव्हती.

भाद्रपद सरता सरता मी हुंबाच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरच्या, धनगरवाड्यात भिंग पुसायला निघालो. हे काम खरं तर दुसऱ्याचं, पण भिंगावर कोळी जाळं करतात आणि आमच्याकडे डोंगर चढणारी माणसं कमी. घाटाच्या वळणावर फोनला जरा रेंज येते. तिथे खिशात फोन वाजला. मृणालचा निरोप होता: येताना काकड्या आण. शेजारीच एक बाई टोपली घेऊन बसली होती, म्हणून परतीची वाट न बघता मी लगेच सात-आठ काकड्या घेतल्या आणि पिशवीत भरल्या. वर पायवाटेला लागल्यावर फोन पुन्हा काढला तर खाली आणखी दोन निरोप होते. नको आणू, आईंनी आणल्यात. आणि मग: सड्यावर चाललायस ना, ठकूबाईंची चंद्री अडलीय, मी हातावर आहे, लवकर जा. तिन्ही निरोप सकाळचे, तासाभराच्या अंतराने पाठवलेले, पण माझ्याकडे एकदमच पोचले होते. मी पहिला वाचला आणि कामाला लागलो. ओझं खांद्यावर घेऊन चढताना मला स्वतःचं हसू आलं. हसण्यापलीकडे त्यात काही आहे हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

ठकूबाई झोरे ही सड्यावरची पंचावन्नच्या आसपासची बाई. अकरा म्हशी, त्यातल्या दहा नवरा बिरू रानात घेऊन गेलेला. मृणालला ती लेक मानते आणि त्या नात्याने मी जावई.

"या, जावयबापू," ती गोठ्यातूनच म्हणाली. "लेकीचा हात सकाळधरनं राबतोय आनि तुमी आता आला."

चंद्री उभी होती, कपाळावर पांढरा टिळा, डोळे वटारलेले, अंग घामाने ओलं. तिच्या मागे मेढीला बसवलेला दूरहात कोपरापर्यंत आत गेला होता. भिंतीवरच्या पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता आणि तिच्यातून मृणालचा आवाज येत होता.

"आलास का? बरं झालं. मान पूर्ण मागे वळलीय. जबडा हातात आलाय माझ्या. मावशी, चंद्रीला धरून ठेवा. कळ आली की मी मान फिरवते."

"फिरीव बाय, फिरीव."

पोलादी कोपर सावकाश वळलं. ते बघताना मला नेहमी थोडं चमत्कारिक वाटतं, कारण कोपर वळवण्याआधी किंचित थांबायची मृणालची सवय त्या लोखंडातही उतरली आहे. लाटणं फिरवतानाही ती तशीच थांबते.

"येतंय," मृणाल म्हणाली. "येतंय, अजून थोडं—"

दिवा तांबडा झाला आणि आवाज बंद पडला. दारातून बाहेर बघितलं तर भैरीचा डोंगर नव्हता. सड्यावर धुकं असंच येतं, कुणी चादर ओढावी तसं. दूरहात होता तिथेच गोठला.

ठकूबाईने एक क्षणही दवडला नाही. बांगड्या मागे सारल्या, तेलाच्या वाटीत हात बुडवला आणि पोलादी हाताच्या कडेने आपला हात खांद्यापर्यंत आत घातला.

"मावशी, काय करताय?"

"नाकाड धरलंय. यंतर थांबलं, पर म्हशीची कळ थांबती व्हय? कुनीतरी धराया नगं? न्हायतर मान परत मागं."

"हात काढा. यंत्र कधीही चालू होईल."

"हुईल की. चालू झालं की काढते. दर येळी तसंच करते."

"दर वेळी?"

"तीन वरसं झाली," ती म्हणाली. "समद्या वाड्यावर तसंच करत्यात."

आमच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलंय की यंत्राचा हात आत असताना कुणीही आपला हात घालू नये. ते आम्ही आठ जणांनी गडहिंग्लजात बसून लिहिलं. म्हशीच्या पोटातलं रेडकू मध्येच सोडून द्यायचं हे धनगराला सांगून पटेल, असं आम्हाला वाटलं होतं.

"मृणालला माहितीये हे?"

"तिला ठावं न्हाय तर कुनाला? झोत आला की ती आदी हळूच चाचपती. माझा हात लागला की थांबती, मी काडून घेते, मग ती धरती. कुनाला सांगू नगा मावशी, असं तीच म्हनाली."

जुन्या नियमात हे चालत होतं. झोत परत आला की पोलादी हाताला फक्त ताजा हुकूम मिळायचा, आणि मृणाल पहिला हुकूम नेहमी हलक्या हाताचा द्यायची. पुडकी टाकून देणाऱ्या त्या नियमाने तीन वर्षं या बायकांचे हात सांभाळले होते आणि ते ना मला ठाऊक होतं ना मृणालला. ती मला गोठ्यातलं बोलली नाही, मी तिला चाळीस सेकंदांचं नीट सांगितलं नाही. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, अर्धी गोष्ट तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे.

आता डोंगरावरच्या पेटीत रांग भरत होती. मृणालला मी ओळखतो. हात अडकला की ती सोडत नाही, आणखी जोर लावते. ते सगळे जोर एकामागे एक उभे होते. झोत जुळला की ते ओळीने येणार, आणि वाटेत ठकूबाईचं मनगट.

"मावशी, ऐका. आता जो हात चालू होईल तो आत्ताचा नसेल. मघाचा असेल. मृणालने मघाशी जे केलं ते सगळं तो आता करेल, तुमचा हात आहे की नाही हे न बघता. हाड मोडेल. चूक माझी आहे, मी तसं करून ठेवलंय."

समजलं तिला, लगेच समजलं. पण हात काढला नाही.

"नाकाड सोडलं तर रेडकू ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "आनि चंद्रीबी. तू यंतर बंद कर."

ते करता येत नव्हतं. वीज तोडली की दूरहाताचे सांधे होते तिथेच आवळून बसतात, अर्धवट धरलेलं काही खाली पडू नये म्हणून. म्हणजे जबड्याभोवतीची बोटं तशीच राहिली असती आणि रेडकू जन्मभर आत. खांद्यापाशी एक पिवळी दांडी आहे, ती ओढली की सांधे ढिले पडतात आणि हात काढून घेता येतो. पण नवा हुकूम आला की ती दांडी कुचकामी. डॉक्टरांचा शब्द शेवटचा, असं आम्हीच मोठ्या अभिमानाने ठरवलं होतं.

तेव्हा एकच उपाय होता. हुकूम येऊच द्यायचा नाही.

"तुमची घोंगडी कुठाय?"

"खुटीला."

मी ती ओढली आणि बाहेर पळालो. भिंग गोठ्यापासून तीस-चाळीस पावलांवर, सड्याच्या टोकाला लोखंडी खांबावर आहे. जांभ्या दगडावर शेवाळ होतं, मी एकदा गुडघ्यावर आपटलो. उठलो तेव्हा समोर धुक्यात भैरीच्या डोंगराची कड उमटायला लागली होती. मी घोंगडी खांबावर फेकली, ती घसरली, पुन्हा उचलून भिंगाला दोन वेढे दिले आणि टोकं पोटाशी आवळून धरली. तेवढ्यात गोठ्यातून ठकूबाईचं "आई गंऽ" ऐकू आलं.

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आहेत, पण एखादी चूक ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकली. घोंगडीला कमरेच्या पट्ट्याची गाठ मारून मी परत पळालो.

ठकूबाई तशीच उभी होती, गाल चंद्रीच्या मांडीला टेकवून. दिवा तांबडा होता.

"हिरवा झाला हुता," ती दात आवळून म्हणाली. "डोळं मिटून उघडायच्या आत. हिसडा मारला त्यानं."

"हात?"

"हाय. बोटं हालत्यात. तू तुजं काम कर."

मी पिवळी दांडी ओढली. पोलादी कोपर सैल पडलं, बोटं उघडली, आणि मी तो हात इंचाइंचाने बाहेर काढून मेढीभोवती उलटा फिरवला, भिंतीकडे तोंड करून. मग मला उभ्याउभ्या रडू आलं. ठकूबाईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"जावयबापू, रडनं मागनं. दोरी घ्या."

पुढची वीस मिनिटं मी दुसऱ्याच्या हुकमावर चालणारं यंत्र होतो. तिने मान फिरवली, पुढचे पाय जुळवले, दोरीचे फास आतल्या आत चढवले. "कळ आली की वढ. कळ गेली की नुसतं धर. आपल्या मनानं वढायचं न्हाय." मी तसंच केलं. एकदा माझ्या मनाने ओढलं तर तिने मला अशी शिवी दिली की मृणाल असती तर हसली असती. मग एकदम सगळं सुटलं आणि काळं, ओलं, वाफाळलेलं ओझं माझ्या पायांवर आलं.

ते हलत नव्हतं. ठकूबाईने त्याच्या तोंडात बोट घालून चिकट काढलं, पोत्याने अंग खसाखसा चोळलं, गवताची काडी घेऊन नाकपुडीत फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याला शिंक आली.

"रेडी हाय," शेपूट उचलून बघत ठकूबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. चंद्री वळून लेकीला चाटायला लागली होती. ठकूबाईने उजवा हात पुढे धरला. मनगटावर चार बोटांचे वळ उमटले होते, जांभळे पडत चाललेले. तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"ह्यानंच धारा काडायच्या असत्यात," ती म्हणाली. "ऱ्हायला बघ."

"माफ करा, मावशी."

"बायकोसाटी केलंस न्हवं?"

"हो."

"मग असूंदे. बायकोचं ऐकावं. पर तिनं सांगितल्यालं सारं करू नये." तिने दाराबाहेर बघितलं. "आता घोंगडं काड. बगू तरी, मघाचा हात काय काय करनार हुता."

बाहेर ऊन पडलं होतं आणि डोंगर स्वच्छ दिसत होता. मी गाठ सोडली आणि परत आलो. आम्ही दोघं रेडीला मध्ये घेऊन गोठ्याच्या दाराशी उभे राहिलो. दिवा हिरवा झाला.

हात जागा झाला आणि मोकळ्या हवेत, भिंतीकडे तोंड करून, ओढायला लागला. जोर लावला, मनगट वळवलं, पुन्हा ओढलं. मेढ करकरली. पेटीतून मृणालचा आवाज आला, अर्ध्या तासापूर्वीचा: "अजून थोडं, आलंच आता. अरे, लागत का नाहीये काही? हाताला काहीच लागत नाहीये." हिसडा. त्याहून मोठा हिसडा. ठकूबाईने नकळत आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. मी मनात मोजत होतो. अकरा. बारा.

हात थांबला.

"मावशी हात घालतील," मृणालचा आवाज म्हणाला, अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा. "आणि माझं आता काहीच हरवत नाही. गिरीश, ते कुठे जातंय सगळं? साठतंय का? मावशी, मी मोजे काढतेय. मी हात काढला, तुम्ही करा." पोलादी बोटं एकेक करून सैल झाली आणि हात मेढीला लोंबत राहिला. आवाज मात्र चालूच होता. "गिरीश, तू तिथे आहेस, त्यांचा हात बघ. तू बरोबर सांगत होतास. केरात टाक म्हणून सांगायला हवं होतं मी. आधी त्यांचा हात बघ."

मग आवाज थांबला. हेही शिळंच होतं, रांगेत उभं राहून आलेलं, आणि माझ्या जुन्या नियमाप्रमाणे पोचायलाच नको होतं. पण पोचलं हे मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"गिरीश?" पुन्हा आवाज आला, आणि हा वेगळा होता, घाबरून बसलेला. अर्धा तास ती हाका मारत असणार. झोत जुळल्यावर मारलेली हाकसुद्धा मघाच्या बोलण्यामागे रांगेत उभी होती. "गिरीश, ऐकू येतंय का? मावशींचा हात?"

"आहे," मी म्हणालो. "दोन्ही आहेत. रेडी झालीय. चंद्री चाटतेय तिला."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. दिवा हिरवाच होता, म्हणजे झोत तुटला नव्हता. ती रडत होती.

"लेकी," ठकूबाई पेटीकडे तोंड करून म्हणाली, "रडू नगं. मोजं भिजतील."

त्याच दुपारी मी घाटाच्या वळणावर बसून डोंगरावरच्या पेटीत जुना नियम परत चढवला. झोत तुटला की रांग मोडायची, सगळं टाकायचं, वर कळवायचं. साहेबांना मी कारण लिहिलं नाही. ठकूबाईच्या मनगटाचा फोटो पाठवला आणि त्यांनीही काही विचारलं नाही. पुढे महिन्याभराने आम्ही एक बदल केला, पण तो ड्रायव्हरमध्ये नाही. बोलणं अडकलं तर ते मृणालच्याच खोलीतल्या संगणकाने ठेवायचं, किती वाजताचं ते लिहून, आणि पाठवायचं की नाही हे मृणालने ठरवायचं. काय ठेवण्याजोगं आहे हे बोलणाऱ्याला कळतं. वाहून नेणाऱ्याला ते कळत नाही आणि त्याने ते ठरवायला जाऊ नये. माहितीपुस्तकातलं पहिलं पानही आम्ही बदललं. ते या खेपेला ठकूबाईने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा मृणाल दारातच उभी होती. मी पिशवी ठेवली. तिने आत बघितलं.

"काकड्या कशाला आणल्यास? नको म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस. उशिरा पोचलं."

ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा पडला. आईने आतून विचारलं की चंद्रीचं काय झालं, आणि मी ओरडून सांगितलं की रेडी झाली, पहिला चीक बिरोबाला, दुसरा आपल्याला. मृणाल पायरीवर बसली, मीही बसलो. माझ्या गुडघ्याला लागलं होतं ते तिने बघितलं. मग तिने हात पुढे केला, नेहमीसारखा किंचित थांबून, आणि माझ्या हातावर ठेवला.

तो आत्ताचा होता. मी तो बराच वेळ सोडला नाही.